शेवटच्या मळ्याची पाळी

डोंगराच्या पायथ्याशी, प्रभू येशूला मानणाऱ्या एका छोट्याशा गावात, फार पूर्वी शिलास नावाचा एक पाटकरी राहत होता. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या एका पाटाने सात मळ्यांना जायचं. कुणाला कधी आणि किती पाणी द्यायचं, ते शिलास ठरवायचा. माणूस हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

गावाची एक रीत होती. रविवारी उपासना संपली की पाटकऱ्याने सर्वांदेखत गुडघे टेकून देवाकडे ज्ञान मागायचं आणि मगच आठवड्याच्या पाळ्या सांगायच्या. शिलास गुडघे टेकायचा, पण पाळ्या शनिवारीच ठरवून यायचा. "प्रभू, यावर तुझा आशीर्वाद असू दे," एवढं म्हणून तो उठायचा. मंडळी डोळे मिटेपर्यंत त्याचं आमेन झालेलं असायचं.

एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. झऱ्याची धार बोटाएवढी झाली. शिलासने विचार केला, लांबच्या मळ्यांकडे जाताना निम्मं पाणी वाटेतच मुरतं. तेव्हा वरच्या चार मळ्यांना पाणी द्यावं आणि खालचे तीन सोडून द्यावेत. चार तरी जगतील. यात चूक कोण काढणार? त्याचा स्वतःचा पानमळा झऱ्याला लागून, अगदी पहिला होता, हे खरं. पण त्याला तो तरी काय करणार?

सर्वांत शेवटचा मळा हन्नाआजीचा. त्या एकट्या म्हातारीचं पोट चार वाफे वांगी-मिरच्यांवर चालायचं. रविवारी शिलास गुडघे टेकणार, एवढ्यात ती म्हणाली, "शिलास, एक विचारू? तू देवाला विचारतोस, की सांगतोस?"

शिलासला राग आला. "आजी, पाणीच नाही, तर देव तरी काय वेगळं सांगणार?"

"ते मला काय ठाऊक, बाबा. तू ऐकून घे आणि आम्हालाही सांग."

शिलासने गुडघे टेकले. नेहमीचं वाक्य ओठांवर आलं, पण बाहेर पडेना. "प्रभू, मला कळत नाही," एवढंच तो म्हणाला आणि गप्प राहिला. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. फक्त आजीचे सुकलेले वाफे डोळ्यांसमोर येत राहिले, आणि आपण आपलाच मळा आधी धरला याची त्याला लाज वाटली. गुडघे दुखायला लागले तेव्हा तो उठला.

"या आठवड्यापासून पाळी खालून वर," तो म्हणाला. "सगळ्यात आधी आजी. सगळ्यात शेवटी मी."

"अरे, वाटेतच मुरून जाईल सगळं," लोक म्हणाले.

"मलाही तीच भीती आहे. पण दुसरं काही सांगायला जीभ रेटत नाही."

सोमवारी पाणी सुटलं. आजवर ज्याचा मळा भिजायचा तो घरी निघून जायचा. पुढच्या पाटाचं त्याला काय? आता मात्र आजीचे वाफे भिजल्याखेरीज कुणालाच पाणी मिळणार नव्हतं. त्यामुळे सगळेच कुदळी घेऊन पाटावर आले. शोधू लागल्यावर जागोजागी खेकड्यांची बिळं सापडली. वर्षानुवर्षं पाणी तिथेच जिरत होतं. लोकांनी ती चिकणमातीने बुजवली, गवत उपटलं, काठ चोपले. सगळ्यात जास्त राबला तो शिलास, कारण त्याची पाळी सगळ्यात शेवटी होती.

त्या उन्हाळ्यात सातही मळे जगले. शिलासच्या पानवेलींच्या दोन ओळी तेवढ्या वाळल्या.

"शिलास, काय डोकं चालवलंस," एक शेजारी कौतुकाने म्हणाला.

शिलासने मान हलवली. "माझं डोकं चालत होतं, तेव्हा चारच मळे वाचत होते."

तात्पर्य: आपण आधीच ठरवलेल्या गोष्टीवर देवाचा होकार मागणं म्हणजे ज्ञान मागणं नव्हे. जो आपलं शहाणपण बाजूला ठेवून विचारतो, आणि उत्तर आपल्या सोयीचं नसलं तरी पाळतो, त्यालाच देव वाट दाखवतो.