भंगारात की दुरुस्तीला?

सगुणाबाईची फुलांची पिकअप सरपंच जालिंदरअण्णांनी मिरवणुकीला मागून नेली आणि ऑइल न बघता दामटून तिचं इंजिन जाम केलं. त्याच गाडीवर बाईचं पोट होतं. गॅरेजात मिस्त्रीने तिला विचारलं, “इंजिन उघडू का?”

“कशाला?” अण्णाच गरजले. “जुनं इंजिन एकदा बसलं की बसलं. घाल भंगारात!” चारचौघांनी माना डोलावल्या.

सगुणाबाईने पदर खोचला. “अण्णा, सत्तरीत तुमचं काळीज बंद पडलं, तेव्हा डॉक्टरांनी छाती उघडलीच ना? का भंगारवाल्याला बोलावलं होतं?”

सगळं गॅरेज खो खो हसलं. अण्णांचा हात नकळत छातीवर गेला. मग पडेल आवाजात ते मिस्त्रीला म्हणाले, “उघड बाबा. खर्च माझा.”