सरदारांचं पाण्यातलं वजन

एका डोंगरी संस्थानात हैबती नावाचा मल्ल तालमीचा वस्ताद होता. वस्तादाला दरबारात महाराजांच्या शेजारी बसायचा मान असे, म्हणून सर्जेराव सरदारांचा त्या जागेवर डोळा होता.

एके दिवशी त्यांनी भर दरबारात धान्याचा मोठा तराजू टांगायला लावला. एका पारड्यात हैबती बसला, दुसऱ्यात सरदार. काटा मधोमध उभा राहिला.

"बघा महाराज! वजन सारखं, म्हणजे ताकदही सारखी," सरदार गरजले. "मग घराण्याने मोठा तोच वस्ताद!"

महाराज पेचात पडले. अंगात मांस किती आणि चरबी किती, हे माणूस कापल्याशिवाय कळणार कसं? हैबतीने मान खाली घातली.

तेवढ्यात तालमीला दूध घालणारी चिमा गवळण पुढे आली. "महाराज, हाच तराजू तळ्यावर टांगा. दोघांनी श्वास सोडून पारड्यासकट पाण्यात बुडावं."

तसं केलं. पाण्यात हैबतीचं पारडं सरळ खाली गेलं आणि सरदारांचं वर आलं. त्यांचं पोट पाण्याबाहेर डोकावू लागलं, तशी काठावर खसखस पिकली.

सरदार खोकत ओरडले, "आम्ही पुण्यवान! जलदेवतेनेच आम्हाला वर उचललं!"

चिमाने हात जोडले. "असेलही, सरदार. पुण्य तरंगतं की बुडतं, ते देवाला ठाऊक. पण ताकावर लोणी तरंगतं, हे आम्ही गवळणी रोज बघतो."

महाराज हसून हसून बेजार झाले. हैबती वस्ताद राहिला. सरदार मात्र अंग पुसायलाही थांबले नाहीत.