कोकणातला तास

"पण हा तास तू आणलास कुठून?" गुरुजींनी विचारलं.

हेरंब हसला. एवढंही कळू नये!

याच गुरुजींनी एके काळी त्याला पावसाचं गणित शिकवलं होतं. आता ते माणदेशातल्या एका टेकडीवर, मठात राहत. टेकडीखालच्या तलावाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारी वाट, हेरंबने आखलेला. यंदा तलाव काठोकाठ भरला, आणि स्वारी कौतुक ऐकायला आली होती.

"कोकणातून आणला, गुरुजी. इथे पाऊस दिवसातून एकदाच मोजतात, सकाळी. सांडव्याची रुंदी ठरवायला लागतो तो तासाचा आकडाच नाही. कोकणात दिवसभराच्या पावसाचा जेवढा हिस्सा सगळ्यात जोराच्या तासात पडतो, तेवढाच इथे धरला."

"तेवढाच?"

"पाऊस कमीजास्त असेल हो. हिस्सा सगळीकडे सारखाच."

गुरुजींनी आभाळाकडे पाहिलं.

पूर्वेला ढग चढत होता.

"चल," ते उठले. "खाली वस्तीत बसू."

तलावाचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या भरावाच्या पायथ्याशी पहिलं घर साळूबाईचं. तिने घोंगडं अंथरलं. झोळीत नात निजली होती. हेरंबने मान वर केली. भराव घराच्या आढ्यापेक्षा उंच, आणि त्याच्यामागे सगळं पाणी. नकाशात हे घर म्हणजे एक ठिपका होता.

गडगडलं.

"गेल्या साली तू आलास, तेव्हा भिजला होतास ना?" गुरुजींनी विचारलं.

"हो. एसटीतून उतरलो आणि चिंब झालो. मठात चहा उकळेपर्यंत लख्ख ऊन..."

हेरंब थांबला.

"त्या दिवशी पुन्हा पडला?"

"नाही... दिवसाचा सगळा पाऊस तेवढ्यातच..."

त्याने सांडव्याकडे पाहिलं. केवढासा तो! एवढं पाणी एका तासात आलं, तर ते भराव फोडूनच जाणार.

"मावशी, उठा! वर चला!"

"अवो, चुलीवर कालवण हाय माझं!"

"मरू दे ते कालवण!" त्याने झोळीतलं लेकरू उचललं. ते रडायला लागलं. त्याला काखेत धरून तो दारोदार ओरडत पळाला. साहेबाचा चेहरा बघूनच वस्ती घाबरली आणि टेकडी चढली.

सगळे मठाच्या ओट्यावर उभे राहिले. ढग आला... टेकडीला वळसा घालून पलीकडच्या माळावर कोसळला. इकडे थेंब नाही.

लोक हसू लागले.

"काय सायेब, उगं पळवलंत," साळूबाई म्हणाली. "कालवण करपलं की माझं." नातीला कडेवर घेऊन ती निघाली.

हेरंब पायरीवर तिची वाट अडवून उभा राहिला. "नाही, मावशी. सांडवा रुंद होईपर्यंत कुणी खाली झोपायचं नाही. माझं चुकलंय."

मग तो गुरुजींकडे वळला. "बसतो गणिताला. पण जरा थांबू द्या. शांत झालो की..."

"आत्ताच बस," गुरुजी म्हणाले. "शांत झालास की तुला पुन्हा सगळीकडचा पाऊस सारखा दिसेल."