झाडून टाकलेली माती

माणसे तंबूत राहत आणि कळपांमागे हिंडत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका खडकाळ डोंगरमाथ्यावर यादा नावाचा मेंढपाळ आपल्या तरण्या मुलासोबत राहत असे. यादाची बायको वारली होती. बाईमाणूस नसलेल्या तंबूत मुलगी द्यायला कोणी तयार होत नव्हते.

अखेर पलीकडच्या खोऱ्यातून निरोप आला. अटारा नावाची बाई आपल्या लेकीसाठी त्यांचे घर बघायला येणार होती. सोबत आठ माणसे. अटाराने याआधी दोन घरे नाकारली होती. यादाजवळ कापण्याजोगा एकच बोकड होता, तोही हडकुळा.

मदतीला यादाचा मेव्हणा शोबाल आला. त्याने आणि मुलाने पहाटेपासून तंबूपुढचा खडक झाडला. त्यावर पीठ मळावे इतका तो लख्ख झाला.

"बघा दाजी," शोबाल म्हणाला, "ताई होती तेव्हासुद्धा अंगण एवढं स्वच्छ नव्हतं."

"हे तिच्यासमोर बोलला असतास तर उपाशी झोपला असतास," यादा हसून म्हणाला. त्याने सुरी हातात घेतली, इकडेतिकडे पाहिले आणि तो थांबला. "शोबाल, माती कुठे गेली?"

"कड्यावरून खाली लोटली. सगळी."

आता पंचाईत झाली. त्यांच्या टोळीत कोणी रक्त खात नसे. जनावर कापले की रक्त पाण्यासारखे मातीत ओतायचे आणि वरून माती लोटायची, अशी रीत होती. इथे तर मूठभर माती उरली नव्हती. ती मिळायची खाली ओढ्याकाठी, आणि जाऊन यायला दुपार झाली असती.

शोबालने आवाज खाली आणला. "दाजी, रागावू नका. रक्त परातीत धरू आणि पीठ लावून शिजवू. रस्सा दाट होईल. मांस कमी आहे हेही कोणाला कळणार नाही."

यादा बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "हा जन्मला तेव्हा कडाक्याची थंडी होती. रात्रभर याला कुशीत घेऊन बसलो होतो. याची ऊब अजून आठवते. महापूर ओसरल्यावर देवाने आपल्या पूर्वजांना मांस खायची मोकळीक दिली. फक्त रक्त खाऊ नका म्हणाला, कारण त्यात जीव असतो. त्याच्याही आधीच्या माणसांनी हे पाहिलं असेलच. रक्त गेलं की ऊब जाते, डोळे थिजतात. मांस आपल्याला मिळालं रे. जीव आपला नाही. तो ज्याचा त्याला परत द्यायचा."

"आणि पोराचं लग्न?"

यादाने टोपली उचलली आणि तो ओढ्याच्या उतरणीला लागला.

पाहुणे आले तेव्हा यजमान घरात नव्हता आणि चूल थंड होती. शोबालने सर्वांना तीनदा पाणी दिले.

"आम्ही उंट आहोत का, भाऊ?" अटाराने विचारले. शोबाल कसनुसा हसला.

बऱ्याच वेळाने यादा डोक्यावर टोपली घेऊन, घामाने निथळत वर आला. त्याने पाहुण्यांची माफी मागितली. मग तंबूमागे माती पसरली, बोकड कापला, रक्त मातीत ओतले आणि स्वतःच्या हातांनी झाकले. मांस पाण्यात भिजवून, मीठ लावून निथळायला ठेवले. त्यात आणखी वेळ गेला. जेवणे झाली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. रस्सा पातळ होता. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक तुकडा आला, यादाच्या वाट्याला हाड.

"यादाभाऊ," अटारा म्हणाली, "एवढा उशीर का झाला? आणि रस्सा इतका पातळ कसा?"

"अंगण झाडताना माती गेली, रक्त झाकायला ती आणायला गेलो होतो. आणि बोकड एकच होता, बाई."

शोबाल खाकरला. "रस्सा दाट करायची युक्ती मी सांगितली होती. रक्त घालून. दाजींनी ऐकलं नाही."

यादाचा मुलगा मान खाली घालून बसला होता. हे घरही हातचे गेले, असे त्याला वाटले.

"मी ज्या दोन घरांना नाही म्हटलं, तिथली ताटं भरलेली होती," अटारा म्हणाली. "पण माझी लेक सासरी एकटी येणार. तिची बाजू घ्यायला मी तिथे नसणार. ज्याला तोंडाने काही मागता येत नाही, त्या बोकडाचाही मान तुम्ही राखलात. माझ्या लेकीचा मान राखा म्हणून तुम्हाला वेगळं सांगायला नको."

मग तिने आपले ताट पुढे केले. "व्याही, थोडा रस्सा वाढा. पातळ आहे, पण चवीला छान आहे."

तात्पर्य: पोटासाठी जीव घ्यावा लागला, तरी त्यावर आपली मालकी होत नाही. एवढे ज्याच्या ध्यानात राहते, त्याच्या घरी आपले माणूस निर्धास्त सोपवावे.