पंगतीतली जागा

खूप जुन्या काळी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथल्या भिवरा नावाच्या बाईच्या अंगावर चट्टे उठले, बोटं बधिर झाली, आणि गावानं तिला वेशीबाहेर काढलं. टेकडीमागच्या झोपडीत ती एकटी राहू लागली. कुणी जवळ येताना दिसलं, की तिनंच 'दूर व्हा' असं ओरडायचं, असा गावाचा दंडक होता.

एकदा एक फिरता वैद्य त्या वाटेनं आला. भिवरा ओरडली, पण तो थांबला नाही. जवळ येऊन त्यानं तिचा हात हातात घेतला. कित्येक वर्षांत तिला कुणी शिवलं नव्हतं. औषध लावण्याआधीच तिला रडू कोसळलं.

पावसाळा सरेपर्यंत तो तिच्यावर उपचार करत राहिला. चट्टे गेले, बोटांना पुन्हा ऊन-गार कळू लागलं.

"बाई, आता घरी जा," वैद्य म्हणाला.

दोघं गावात आली, तेव्हा देवळापुढे उत्सवाची पंगत बसत होती. पाटील आडवे आले.

"भिवरा, बरी झालीस, आनंद आहे. पण लोक बिचकतात. तुझं पान वेशीबाहेर पाठवतो."

मुकाट्यानं मागं फिरावं, असं भिवराच्या मनात आलं. आजवर तिनं तेच केलं होतं. पण पाय हलेनात.

"पान नको, पाटील. मला जागा हवी," ती म्हणाली. "आजारी होते तेव्हा तुम्ही जा म्हणालात, मी गेले. आता मी जाणार नाही."

ती पंगतीच्या टोकाला जाऊन बसली. शेजारचे लोक आपापली पानं उचलून सरकले.

पाटलांनी वैद्याला मानाच्या पाटावर बोलावलं. तो भिवराशेजारी मातीतच बसला.

"हिला उठवायचं असेल, तर आधी मला उठवा," तो म्हणाला.

भिवराची थोरली जाऊ भात वाढत होती. भिवराला घराबाहेर काढताना तिनंच आतून कडी लावली होती. पाटील तिला "थांब" म्हणाले. ते ऐकूनही ती पुढं आली. भिवराच्या पानावर तिनं भात वाढला, मग आपलंही पान तिच्याजवळ मांडलं.

सरकलेले लोक हळूहळू परत आले. पाटील उपाशीच घरी गेले. गावाचा तो जुना दंडक मात्र त्यानंतर कुणी पाळला नाही, आणि टेकडीमागची झोपडी रिकामी पडली ती कायमची.

तात्पर्य: माणसांत जागा मिळाल्याशिवाय कुठलाही आजारी पुरता बरा होत नाही, आणि ती जागा कुणी देत नसेल तर हक्कानं घ्यावी.