हातावरची गाठ

"म्हणजे हरबाच्या अंगात क्षय आहे, हे डॉक्टरांनाही मान्य आहे ना, महाराज?"

विचारणारा यशवंतगीर, मठातला सगळ्यांत जुना शिष्य. बोधगीर महाराजांची पेज फुंकर मारून निववायची आणि मगच त्यांच्यापुढे ठेवायची, ही मठाची रीत. तो मान इतकी वर्षं यशवंतगीरचा होता. परवा-परवा आलेल्या हरबाकडे तो गेला, तेव्हापासून यशवंतगीरला धड झोप नव्हती.

"आहे," महाराज म्हणाले. "झोपलेला आहे."

"झोपलेला साप कोणी उशाशी ठेवत नाही."

"त्याच्या छातीचा फोटो स्वच्छ आहे. खोकला नाही, ताप नाही. श्वासातून जंतू बाहेर पडत नाहीत."

"धडधाकट माणसाचं ठीक आहे. पण तुम्ही..."

महाराजांचं मूत्रपिंड बदललेलं होतं. ते टिकावं म्हणून चालू असलेल्या औषधांनी त्यांची प्रतिकारशक्ती पार दबून गेली होती. म्हणून तर डॉक्टरांनी क्षयाच्या तपासणीसाठी मठातल्या सगळ्यांच्या हाताला टोचून पाहिलं, आणि हरबाच्या हाताला गाठ उठली.

"मी नेमकं तेच विचारलं डॉक्टरांना. दुबळ्यालाही लागत नाही म्हणाले. झोपलेला आहे तोवर कोणालाच नाही. जागा होऊ नये म्हणून हरबाला गोळ्या दिल्यात."

"डॉक्टरांचं काय जातं बोलायला."

यशवंतगीरनं डॉक्टरांना एक शब्द विचारला नव्हता. मात्र दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाच्या कानात त्यानं बातमी घातली होती. हरबाचं ताट-वाटी उचलून गोठ्यात नेऊन ठेवली होती. चार दिवस झाले, हरबा गुरांशेजारी बसून जेवत होता. कोणाला काही बोलला नव्हता.

"त्याला घरी पाठवा, महाराज. तुमच्या जिवासाठी सांगतोय."

"माझ्या जिवासाठी..."

"मग काय माझ्यासाठी?"



पेज आली. वाफाळत होती. यशवंतगीरनं चटकन वाटी पुढे ओढली आणि फुंकर मारायला वाकला.

"राहू दे," महाराज म्हणाले.

त्यांनी बाही वर सारली. हात म्हाताऱ्याचा, सुरकुतलेला. मनगटाच्या वरची जागा त्यांनी बोटानं दाखवली.

"ऑपरेशनच्या आधी मलाही टोचलं होतं. इथं गाठ उठली होती. हरबाला उठली तशीच. गोळ्या मीही घेतल्या."



"हे... हे कधी बोलला नाहीत."

"तू माझं उष्टं रोज प्रसाद म्हणून खातोस. हरबाला त्यातला घासही मिळू देत नाहीस. भीती वाटली कधी?"

"तुमची गोष्ट निराळी, महाराज."

"जंतू तोच आहे."

महाराजांनी वाटी हातात घेतली. भिंतीला धरून उठले, पायात खडावा सरकवल्या.

"कुठं निघालात?"

"गोठ्यात. गाठ उठलेल्यानं तिथं जेवायचं, असं तूच ठरवलंस ना?"

यशवंतगीर धडपडत उठला. दारात आडवा झाला. डोळे भरून आले होते त्याचे.

"मग मीही येतो. माझंही ताट तिथंच मांडा. त्याला एकट्याला नाही... मलाही तुमच्या शेजारी बसू द्या."

महाराजांनी त्याचा हात धरला. उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे नेऊन नीट पाहिला.

"तुला कसं बसवू? तुझ्या हाताला गाठ नाही."