काचपाणंदीत म्होरक्या मागं का चालतो

तीन पंक्चर झाली? अजून तीन व्हतील. बसा त्या धोंड्यावर, तुमच्या त्या चकचकीत चड्ड्या काय फाटायच्या न्हाईत. सुनेला च्या टाकायला सांगितलाय.

ह्या समोरच्या उताराला काचपाणंद म्हणत्यात. दोन्ही अंगाला निवडुंग, मधी एका बैलगाडीपुरती वाट, तळाला ओढा, आन् ओढ्यापल्याड मोरजाई गाव. मातीत कुठं बी बोट घाला, काच निघती. हिरवी, तांबडी, एखादी पिवळी. बाटलीची न्हाई, बांगडीची. हातात घेऊन बघा, वाकडी असती. ग्रामपंचायतीनं दोन बार मुरूम टाकला वरनं. एक पावसाळा झाला का काच परत वर. आता कशी वर येती ते कुणाला ठावं न्हाई, पर पहिली कशी पडली ते सांगतात.

तुमच्यात म्होरक्या कोण? हा शिट्टीवाला? नाव काय बाबा? शार्दूल! मोठं नाव हाय. मग शार्दूलराव, तुम्ही पुढं असता, मागचे कसे येत्यात?

"माझ्या चाकामागं चाक ठेवून येतात, आजी."

ऐका. अगदी हेच म्हणायचा म्हणे लिंबाजी कासार.

सायकली नव्या नव्या आल्या तवाची गोष्ट. मी बघितलेली न्हाई, हसू नगा, एवढी काय मी म्हातारी न्हाई. माझ्या सासूला तिच्या सासूनं सांगितली. लिंबाजीच्या गावात कासारांची पाच-सहा घरं. सगळ्यात आधी सायकल घेतली ती लिंबाजीनं, मग बाकीच्यांनी. क्यारेजवर बांगड्यांच्या पेट्या, एकावर एक, डोक्याच्या वर जातील एवढ्या. असे सहा जण एका मागं एक बाजारला, जत्रंला जायचे. लिंबाजी पुढं. मागच्याला समोर दिसायची ती पेटी आन् पेटीखालचं चाक, बास.

आन् कासाराची एक खोड. उतार कसला बी असू दे, कासार ब्रेक दाबायचा न्हाई. दाबला का पेटी हिसकते आन् डझनानं बांगड्या फुटत्यात. त्यात लिंबाजीची ख्याती अशी का आख्ख्या वाटंत त्येची एक बांगडी फुटत न्हाई. लई ताठा व्हता त्येला त्याचा.

त्या साली मोरजाईच्या पाटलाकडं लग्न निघालं. नवरीचा चुडा, आन् सगळ्या गावच्या बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या, म्हणून सहाच्या सहा कासारांना बोलावणं. निघताना लिंबाजीच्या लेकीनं, कौसानं, त्येला दारात अडवलं म्हणे. महिना झाला व्हता तिच्या लग्नाला. तिचा नवरा रामलिंग, तो बी कासारच, सायकल नुकतीच शिकलेला, सासऱ्याच्या मागं निघालेला.

"आबा, ह्यांना नीट आणा माघारी."

"अगं, माझी बांगडी फुटत न्हाई, जावई फोडून आणीन व्हय?" लिंबाजी म्हणाला. सगळी हसली. कौसा बी हसली.

हितं, ह्या धोंड्यापाशी आले तवा सूर्य वर चढला व्हता. मोठी गाडीवाट लांबनं जाती, दोन कोसाचा वळसा. रामलिंग म्हणाला, "मामा, ही वाट आपण दोन सालात बघितली न्हाई. गाडीवाटनं जाऊ का?"

"तू वाट बघू नगंस. तू माझं चाक बघ. वाट मी बघतो."

आन् निघाले. सहा सायकली, एका मागं एक, ह्या निवडुंगामधनं.

खाली ओढ्यावर दगडी फरशी व्हती. ती आदल्या पावसाळ्यात वाहून गेलेली. उरला व्हता नुसता एका कडंचा हातभर काठ. बाकी दोन पुरुष खोल खड्डा, तळाला धोंडं. लिंबाजीला ते वळणावर दिसलं. आता सांगा, मागं ओरडायला कितीसा वेळ लागतो? पर ओरडला का मागचे ब्रेक दाबणार, ब्रेक दाबला का बांगड्या जाणार, मुहूर्ताला नवरीचे हात मोकळे. त्येनं हँडल वळवलं, त्या हातभर काठावरनं सायकल काढली, पार झाला. त्येला वाटलं, मी निघालो तसे माझ्या चाकामागं तेबी निघतील.

काठानं एकाचंच वजन सोसलं म्हणे.

लिंबाजी पलीकडचा चढ दमानं चढला. पेट्यांच्या खणखणाटात मागचं काय ऐकू आलं न्हाई, आन् मागं बघितलं बी न्हाई. पेट्या हलत्यात ना मागं वळलं का. लग्नघरापुढं उतरला, पेटी सोडली, बायका हात पुढं करून बसल्या. पाटलीणबाईनं इचारलं, "बाकीचे वं?"

"येत्यात. मागंच हायत."

नवरीचा उजवा हात भरून झाला. डावा धरला. कुणी येईना. तवा मातूर लिंबाजीचा हात थांबला म्हणे, आन् तो तसाच पळत सुटला, सायकल न घेता.

खड्ड्यात पाच बी एकावर एक. वरनं पेट्या फुटलेल्या. कोण कुठला ते फुटक्या काचंच्या रंगाखाली कळत नव्हतं. रामलिंग सगळ्यात खाली. त्येनं सांगितल्यासारखं चाक बघितलं व्हतं.

च्या? खोटं सांगितलं मी. गॅस कालच संपलाय. तुम्ही बसावं म्हणून म्हणले. गप ऐका.

दुपारी त्या पाचांच्या बायका आल्या, बैलगाडीतनं. कुणी कौसाला धरायला गेलं तर तिनं हात झटकला. बापापुढं येऊन उभी राहिली. रडली न्हाई.

"आबा, तुमच्या किती फुटल्या?"

लिंबाजीनं खरं सांगितलं. "एक बी न्हाई."

तिनं दोन्ही हात पुढं केले. "तुम्हीच भरल्या. आता तुम्हीच फोडा."

त्येनं फोडल्या. ह्या वाटंवर, दगडानं, स्वतःच्या हातानं. तिच्या मागनं बाकीच्या चौघींनी हात पुढं केले, त्या बी त्येनंच भरलेल्या. मग लग्नघरातनं स्वतःची पेटी आणवली आन् शाबूत उरलेली एक एक बांगडी फोडली. नवरीनं उजव्या हातातल्या उतरवून पाठवल्या त्या बी. तिचं लग्न हळदीचा दोरा बांधून लागलं असं सांगतात.

लिंबाजी घरी गेला न्हाई. हितंच खोपट घातलं. कुणी बी आलं का त्येला खाली उतरवायचा, सायकल हातात धरून चालत पुढं घालायचा, आन् आपण शेवटाला चालायचा. कौसा रोज भाकरी पाठवायची. बोलली मातूर न्हाई मरेपतुर. एकदा कुंभारांची टोळी त्येनं अशीच पुढं घातली. खाली पोचल्यावर त्यांनी वळून बघितलं तर म्हातारा मधीच निवडुंगाला टेकून बसलेला. कधी बसला, कधी गेला, कुणाला कळलं न्हाई. त्येच्या मागं कुणी नव्हतंच ना.

आजही ह्या पाणंदीत सायकलीवर बसून कुणी उतरत न्हाई. शाळंची पोरं असू देत न्हाईतर वऱ्हाड, म्होरक्या शेवटाला चालतो. तुम्ही मघाशी पाच-दहा पावलं बसून गेलासा, म्हणून तीन पंक्चर.

ऊठ, शार्दूल. ती शिट्टी खिशात घाल. आधी ह्या पोरीला जाऊ दे, मग तो जाड्या, मग बाकीचे. तू मागनं. आन् ओढा पार केलास का हात वर कर, मोठ्यानं नाव सांग तुझं. मी हितं उभी हाय. तू दिसल्याबिगर मी घरात जायची न्हाई.